सरांच्या टायमाले

भंडाऱ्यात संध्याकाळी खांब तलावाच्या बाजूच्या कुठल्याही टपरीवर उभं राहून 'फुटबॉल' एवढंच म्हणून पाहा. बाकावर पेपर वाचत बसलेला साठी उलटलेला एक गृहस्थ पेपर खाली करेल, तुम्हाला न्याहाळेल, डावा गुडघा हातानं दाबेल आणि म्हणेल, "काय फुटबॉल घेऊन बसले बाप्पा! फुटबॉल होता तो सरांच्या टायमाले."

हे भाऊ. भाऊ एक नाहीत. साकोलीत आहेत, लाखनीत आहेत, पवनीत आहेत, तुमसरला धानाच्या बाजारात तर दर दोन अडत्यांमागे एक आहेत. कुणी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, कुणाचं पितळी भांड्यांचं दुकान, कुणी राइस मिलचा हिशेब पाहणारे. सोयीसाठी आपण टपरीवरचे एक भाऊ धरू. बाकीचे त्यांच्यात आपोआप येतात.

सरांच्या टायमाला कॉलेजच्या टीममध्ये अकरा जण खेळत. त्या टीममध्ये खेळलेले आज जिल्ह्यात निदान दोनशे जण सापडतात. भाऊ त्यांतले. ते नेमके कुठल्या जागेवर खेळायचे हे विचारलं की उत्तर येतं, "सर सांगतील तिथं." सर त्यांना बहुधा बाहेर बसायला सांगत. पण गुडघा मात्र नागपूरच्या मॅचमध्ये गेलेला आहे, यावर भाऊ ठाम आहेत. वहिनींच्या मते तो लुनावरून गेला, मुरमाडीच्या वळणावर, आणि मागे त्या स्वतः बसलेल्या होत्या.

सरांचा टाइम कधी सुरू झाला आणि कधी संपला, हे भंडाऱ्याच्या गॅझेटियरमध्ये मिळत नाही. भाऊंच्या बोलण्यावरून काढायचं तर तो १९६२ च्या आधी सुरू झाला असावा. कारण जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारतानं दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून सुवर्णपदक घेतलं, तेव्हा सर रेडिओपाशी बसून "डावीकडं दे" म्हणून ओरडले होते आणि तिकडं बॉल डावीकडंच गेला होता. तो १९८६ नंतर संपला असावा, कारण मॅराडोनानं हातानं गोल केला तेव्हा "हे तर मी पोट्ट्यांना कधीचं शिकवलं" असं सर म्हणाल्याचं भाऊंनी स्वतः ऐकलं आहे. मधल्या काळात भंडाऱ्यात जे जे चांगलं झालं ते सरांच्या टायमालाच झालं. पाऊस वेळेवर यायचा, एसटी वेळेवर यायची आणि आलुबोंड्यात आलू असायचा.

भारताचे थोर प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम मुळात शिक्षकच होते, हा एवढा धागा भाऊंना पुरतो. हैदराबादचा एक मास्तर १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताला उपांत्य फेरीत नेतो, तर भंडाऱ्याचे सर काय कमी होते? कमी काहीच नव्हतं. फरक एवढाच, की रहीमसाहेबांना ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकणारा मुंबईचा नेव्हिल डिसूझा मिळाला आणि सरांना भाऊ मिळाले.

आता खरे सर. ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून शिकून आलेले, मूळचे मल्लखांबाचे. कॉलेजात मल्लखांब नव्हता. कपाटात एक फुटबॉल निघाला, म्हणून टीम निघाली. ऑफसाइडचा नियम सरांनी पुस्तकातून पाठ केला आणि पोरांना फळ्यावर शिकवला. पोरांनी तो फळ्यावरच ठेवला. पण माणूस कष्टाळू. जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी लागली की पऱ्हे उपटायला बॅक लाइन आणि रोवायला फॉरवर्ड गावाकडं जात. मैदानावर सर, शिट्टी आणि बॉल असे तिघेच उरत. तेव्हा सर सायकल काढून पोरांच्या गावी जायचे. बांधीत गुडघाभर चिखलात पोरगा रोवत असायचा आणि सर धुऱ्यावर उभं राहून ओरडायचे, "पाय उचल! गुडघा वर!" पोराचा बाप आधी चिडायचा. मग त्याच्या लक्षात यायचं, की सर धुऱ्यावर असले की पोरगा दुप्पट रोवतो. सरांच्या काळात टीमनं जिंकलं काय ते सोडा, पण रोवणी लवकर आटपायची, हे चार गावचे लोक आजही सांगतात.

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला नागपूरला जायचं. साठ किलोमीटर, लाल डबा, टीए-डीएचे पैसे सरांच्या आतल्या खिशात. समोर कामठी आणि मोमिनपुऱ्याची पोरं, चालायला शिकण्याआधी ड्रिबलिंग शिकलेली. आमची पोरं धानाच्या देशातली. चिखलात कुणाच्या बापाला ऐकणार नाहीत, पण कोरड्या मैदानावर त्यांचे पाय परके होत. एकदा सामना दिवाळीनंतर लागला. झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, नाटक रात्री सुरू होतं आणि उजाडल्याशिवाय संपत नाही. आमचा गोलकीपर लाखांदूरकडच्या एका गावात रात्रभर नायकाचं काम करून, तोंडावरचा रंग पुरता न धुता, थेट मैदानावर आला होता. पहिला गोल झाला तेव्हा तो खांबाला टेकून उभा होता. दुसरा झाला तेव्हाही तो तसाच होता.

हाच तो इतिहासप्रसिद्ध सामना. भाऊ तो दर वर्षी सांगतात आणि दर वर्षी त्याचा स्कोअर सुधारतो. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा आपण ३-० असे हरलो होतो. मग २-१ झाला. मग बरोबरी झाली आणि टॉसवर गेलो. अलीकडं रेफरी नागपूरचा निघाला आहे, त्यामुळं आपण जिंकलोच होतो, फक्त कागदावर तसं लिहिलं नाही. गोलकीपरच्या डुलकीचं विचारलं तर भाऊ म्हणतात, "झोपला नव्हता तो. बॉलचा अंदाज घेऊन राहिला होता."

जुना चिन्नोर तांदूळ शिजवला की दाणा दाणा मोकळा होतो आणि वास घरभर सुटतो; निवृत्तीनंतर सरांचं तसंच झालं आहे. जितकी वर्षं जातात तितके सर मुरतात.

एवढे थोर सर होते, तर टीमची अशी वाताहत का झाली? याचं उत्तर भाऊंकडं सालवार तयार आहे. पहिला घाव २५ जून १९८३ चा. कपिल देवनं लॉर्ड्सवर कप उचलला आणि आमचा स्टॉपर विकेटकीपर झाला. "कपिल देवचं काय वाकडं केलं होतं आमी?" भाऊ आजही विचारतात.

दुसरा घाव फुटबॉलवाल्यांनीच घातला. सरांचा एक हुकमी डाव होता. पहिल्या पाच मिनिटांत नशिबानं गोल झाला, तर उरलेला सगळा वेळ बॉल मागे गोलकीपरकडं द्यायचा. गोलकीपर तो छातीशी धरणार, रेफरीकडं पाहणार, बॅकला देणार, बॅक पुन्हा त्याला देणार. १९९२ साली नियम आला, की आपल्याच खेळाडूनं मुद्दाम पायानं मागे दिलेला बॉल गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही. जगाची समजूत अशी, की १९९० चा इटलीतला वर्ल्डकप फार कंटाळवाणा झाला म्हणून हा नियम आला. भाऊंना आतली गोष्ट ठाऊक आहे. "आपला डाव फुटला बाप्पा. कोणी तरी वरपर्यंत कळवलं." कोणी म्हणजे नागपूरवाल्यांनी. सरांना तो पहिल्या पाच मिनिटांतला गोल कितीदा मिळाला, हे मात्र भाऊ सांगत नाहीत.

तिसरा घाव १ मे १९९९ चा. गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि आमची डावी बाजू गेली. लेफ्ट विंगर गोंदियाकडचा होता. विद्यापीठ तेच राहिलं, कॉलेज तेच राहिलं, आणि तो विंगर तोवर दोन लेकरांचा बाप होऊन रेल्वेत लागलेला होता. पण हे बारीकसारीक तपशील झाले. जिल्हा फुटला की टीम फुटते, एवढं कळायला भाऊंना भूगोल लागत नाही.

खऱ्या कारणांत भाऊंना गोडी नाही, आणि ते मला समजतं. सर निवृत्त झाल्यावर त्यांची जागा भरली गेली नाही. मग तासिका तत्त्वावर कुणीतरी येऊ लागलं, जूनमध्ये यायचं आणि मार्चमध्ये जायचं. सेमिस्टर आलं आणि वर्षभर परीक्षाच सुरू राहू लागली. मैदानावर कधी मेळावा, कधी प्रदर्शन, आणि सकाळी पोलीस भरतीची पोरं सोळाशे मीटर पळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, म्हणून पोरगं आधी प्रमाणपत्राचा हिशेब करतं. ज्या खेळात एकट्याच्या जिवावर पदक मिळतं तिकडं जातं. फुटबॉलमध्ये आणखी दहा जणांची मनधरणी कोण करणार? ही सगळी कारणं खरी आहेत, पण त्यांना तोंड नाही. रिक्त पदाला शिवी देता येत नाही. कपिल देवला देता येते.

२०२२ साली 'झुंड' आला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन उभं केलेलं काम नागराज मंजुळे यांनी पडद्यावर आणलं, अमिताभ बच्चन त्यात गुरुजी झाले. भाऊ पाहून आले आणि तीन दिवस टपरीवर फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी आले ते आतून पेटलेले. "आपल्या सराइनं हे बांधीत केलं होतं. पण बांधीत अमिताभ कसा येईन? अन् आला तं रोवणार किती?"

यावर टपरीवरच्या एका जुन्या मास्तरांनी जे सांगितलं ते मी भाऊंसमोर कधी काढलेलं नाही. सर नोकरीत असताना सलग दोन वर्षं टीम पहिल्याच फेरीत गारद झाली, तेव्हा प्राचार्यांना एक अर्ज गेला होता. 'सदर शिक्षकांस फुटबॉल या खेळाचे ज्ञान नसून त्यांना बदलण्यात यावे.' त्यावर सत्तावीस सह्या होत्या. तिसरी सही भाऊंची. अक्षर वळणदार, खाली तारीख, आणि त्याखाली स्वतःहून लिहिलेलं 'टीम सदस्य'.

मग गेल्या वर्षी सर आले. कुणाच्या तरी लग्नाला अमरावतीहून आले होते. ऐंशीच्या घरात, पाठ अजून ताठ. भाऊंनी त्यांना जवळजवळ उचलूनच टपरीवर आणलं, पाय धरले, स्पेशल चहा सांगितला, बाक रिकामा करवला, आणि पाच-सहा श्रोते जमल्यावर तो सामना सुरू केला. सर शांतपणे ऐकत होते. गोष्ट रेफरीपर्यंत आली तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"अरे, पण आपण पाच गोल खाल्ले होते ना तेव्हा?"

टपरीवर कुणी हललं नाही.

"पाच?" भाऊ म्हणाले.

"पाच. सहावा रेफरीनं ऑफसाइड दिला. भला माणूस होता. नागपूरचाच." सर हसले. "आणि तू तर बसमध्येच राहिला होतास. तुला मळमळत होतं."

सर लग्नाला गेले. भाऊ बराच वेळ गुडघा चोळत बसले. आता हा विषय संपला, असं आम्हाला सगळ्यांना वाटलं. मग त्यांनी मान हलवली, फार मायेनं. "वय झालं सरांचं. इसरते मानूस. आपन समजून घ्याले पायजे."

दुसऱ्या दिवशी सामना पुन्हा जिंकलेला होता.

मध्यंतरी कॉलेजात तासिकेवर एक नवा पोरगा आला होता. खरोखरच फुटबॉल खेळलेला, ऑफसाइड फळ्याशिवाय शिकवणारा. संध्याकाळी चार-पाच पोरं घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात, जिथं पोलीस भरतीवाले पळत नाहीत तिथं, तो सराव घ्यायचा. भाऊ कुंपणाबाहेर उभं राहून पाहत आणि टपरीवर येऊन अहवाल देत. "शिट्टी धरता येत नाई त्याले. पोट्ट्यांना शिवी देत नाई, तं फुटबॉल कसा येईन?" विद्यापीठाच्या स्पर्धेत टीम पहिली फेरी जिंकली आणि दुसरीत हरली. भाऊ म्हणाले, "सरांच्या टायमाले असं नाई झालं." ते बरोबरच होतं. सरांच्या टायमाला पहिली फेरी ओलांडल्याचं कुणाला आठवत नाही.

मार्चमध्ये त्या पोराचं काम संपलं. तो पुण्याकडं कुठल्या तरी शाळेत लागला म्हणे. जूनमध्ये नवा कोणी आला नाही. पहिला पाऊस पडून मैदानावर पाणी साचलं, पोरं पऱ्ह्यांच्या कामाला गावी गेली, आणि भाऊंनी बाकावरचा पेपर खाली केला.

"काही म्हना, मागच्या सालचा सर बरा होता. त्याच्या टायमाले निदान गोलले जाळी तरी होती."

टपरीवाला चहा गाळता गाळता थांबला. "भाऊ, जाळी कधी होती?"

"तुले काय मालूम?" भाऊ म्हणाले. "तू गिऱ्हाईक पाह्य."