मुद्देमालाला हात लावू नये

सायबर फॉरेन्सिकला प्रवेश मिळाल्याच्या आनंदात काळी हुडी विकत घेऊ नये. या विद्येला लागतात कात्री, चिकटपट्टी, लेबलं, न पुसला जाणारा मार्कर आणि दुसऱ्याला वाचता येईल असं अक्षर. मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत जा, नाहीतर गांधीनगरच्या राष्ट्रीय विद्यापीठाची गोव्यातली शाखा गाठा. हॅकिंग शिकायला म्हणून आलेल्या पोराला आधी पंचनामाच लिहावा लागतो.

प्रॅक्टिकलचा पहिला नियम असा की मूळ डिस्कवर काम करायचं नाही. ती राइट ब्लॉकरला जोडायची, म्हणजे वाचता येतं पण तिच्यावर काही लिहिलं जात नाही, आणि बिट न् बिट नक्कल काढायची. तिला इमेज म्हणतात. एक टीबीची जुनी हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने वाचली, तर पावणेतीन तास जातात. पडताळणीला पुन्हा जवळपास तेवढेच. या काळात विद्यार्थ्याने पडद्यावरच्या पट्टीकडे बघत बसावं. सिनेमातला तपासनीस हेच काम तीन बटणं दाबून उरकतो, पण त्याला मध्यंतराच्या आत खुनी पकडायचा असतो.

शेवटी हॅश येते, म्हणजे सगळ्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा. एसएचए-२५६ची ६४ अक्षरं. डिस्कवरचा एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती ओळखू येणार नाहीत इतकी पालटतात. ती कागदावर उतरवावी आणि शेजाऱ्याला मोठ्याने वाचायला लावून ताडून पाहावी. मेस बंद व्हायच्या वेळी, बेचाळिसावं अक्षर ‘बी’ आहे की ‘आठ’ यावरून ज्यांचं भांडण झालं नाही, त्यांनी आपला हा अभ्यासक्रम पूर्ण झाला असं समजू नये.

डिलीट केलेलं जात नाही, हे पहिल्या सत्रात शिकवतात. साध्या पेनड्राइव्हवर फाइल खोडली की यादीतल्या तिच्या नोंदीचा पहिला बाइट ‘ई५’ होतो. मजकूर, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत, जागच्या जागी. दुसऱ्या सत्रात कळतं की एसएसडीत ट्रिम नावाची सोय असते आणि तिच्यामुळे बरंच काही कायमचं जातं. परीक्षेत कुठल्या सत्राचं उत्तर लिहायचं, हे पेपर कोणी काढलाय त्यावर ठरवावं.

वेळेचं मात्र मनावर घ्यावं. विंडोज फाइलची वेळ १ जानेवारी १६०१पासून मोजतं, म्हणजे शिवजन्माच्याही २९ वर्षं आधीपासून. शिवाय ती जागतिक प्रमाणवेळेत असते. साडेपाच तास मिळवायला विसरलात, तर रात्री अकराला डेटा चोरणारा इसम तुमच्या अहवालात संध्याकाळी साडेपाचला चोरी करतो, आणि साडेपाचला तो कोपऱ्यावरच्या टपरीत कटिंग पीत असल्याचे चार साक्षीदार निघतात.

सबमिशनच्या आदल्या रात्री वरच्या वर्षाच्या दादाकडून वर्ड फाइल मागून आणण्याची थोर परंपरा सर्व शाखांत आहे. या शाखेत ती पाळू नये. पाळलीच, तर पहिल्या पानावरचं नाव बदलून निर्धास्त होऊ नये. मॅडम फाइलच्या नावामागचं ‘डॉकएक्स’ खोडून ‘झिप’ लिहितात आणि फाइल पेटीसारखी उघडतात. आत एका कप्प्यात मूळ लेखकाचं नाव असतं, दुसऱ्यात संपादनाला लागलेली एकूण मिनिटं. चाळीस पानांचा प्रकल्प, लेखक दादा, संपादन चार मिनिटं. मॅडम रागवत नाहीत. त्या ते प्रोजेक्टरवर लावतात आणि त्यावरूनच पुढचा धडा सुरू करतात.

धडा अमेरिकेतल्या विचिटाचा. दहा खून करून तीस वर्षं मोकळा फिरणाऱ्या ‘बीटीके’ने पोलिसांनाच विचारलं, फ्लॉपीवरून माझा माग काढता येईल का? पोलिसांनी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीतून कळवलं की बिनधास्त पाठव. त्याने २००५ साली टीव्ही वाहिनीला फ्लॉपी पाठवली. तिच्यावरच्या खोडलेल्या वर्ड फाइलच्या मेटाडेटात एका चर्चचं नाव होतं आणि ‘डेनिस’. डेनिस रेडर त्याच चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष निघाला. दादाने तुम्हाला फाइल देताना किती विचार केला असेल, याचा अंदाज यावरून बांधावा.

कायद्याचा पेपर ऑप्शनला टाकू नये; खरं शिक्षण तिथेच आहे, आणि ते आपल्या जालन्यातून सुरू होतं. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले. प्रश्न निघाला की त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्याने दाराकडे बघून ठेवलं होतं. सीडी मिळाल्या, पण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं, तेव्हाच्या साक्ष कायद्यातल्या कलम ६५-बचं प्रमाणपत्र मागून मागून मिळेना. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०२० साली निकाल आला की मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल, तर प्रमाणपत्र हवंच. मात्र सगळे प्रयत्न करूनही ते मिळालं नाही, तर पक्षकाराला त्यातून सूट. दार, घड्याळ आणि एक कागद यांवर एवढा काथ्याकूट झालेला वाचून ज्याला झोप येत नाही, त्याने या क्षेत्रात जरूर यावं.

१ जुलै २०२४पासून ६५-बच्या जागी नव्या साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आलं. आता प्रमाणपत्राचा छापील नमुनाच आहे. भाग ‘अ’ यंत्र ज्याच्या ताब्यात त्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. मेक, मॉडेल, रंग, सिरियल नंबर, आयएमईआय, हॅश. या नमुन्याच्या कोऱ्या प्रती कायम बॅगेत ठेवाव्यात, कारण कोर्टाआधी त्या घरी लागतात.

दिवाळीत मावसभाऊ येतो, फराळ होतो, आणि मग तो बायकोचा फोन पुढे सरकवत हळूच म्हणतो, ‘‘तू ते कॉम्प्युटरचं फॉरेन्सिक करतोस ना? डिलीट केलेले मेसेज जरा काढून दे.’’ नाही म्हणू नये, नाती तुटतात. आयटी कायद्याचं कलम ६६ही सांगू नये. तो वकिलाला विचारून येईल. शांतपणे भाग ‘अ’ आणि पेन पुढे करावं. तो नाव लिहितो, पत्ता लिहितो, फोनचा रंगही लिहितो. मग यंत्र आपल्या कायदेशीर ताब्यात होतं अशा अर्थाच्या ओळीपाशी त्याचं पेन थांबतं, आणि घरचा प्रिंटर अडकतोय तो बघशील का, असं तो विचारतो.