शंभराची बेरीज

धारणीच्या बसस्टँडजवळ काकाजींचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. उघडतं दहाला, पण पहिलं झेरॉक्स निघतं साडेदहाला. आधी शटर अर्धं, मग झाडू, मग शटर पूर्ण, उदबत्ती, इन्व्हर्टर, राउटर आणि सर्वांत शेवटी कोपऱ्यातला म्हातारा सर्व्हर. प्रत्येक बटणानंतर काकाजी कान देऊन ऐकतात. दाखल्यासाठी हरिसालहून आलेला माणूस चुळबुळ करतो.

"थांब ना बाप्पा, त्याले उठू तं दे!"

सर्व्हरवर २००३ सालचं रेड हॅट लिनक्स ९ आहे. त्यातल्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या स्क्रिप्टांना नंबर असतात. सुरू करतानाच्या नावाआधी 'एस', बंद करतानाच्या 'के'. नेटवर्क एस १०, के ९०. वेबसर्व्हर एस ८५, के १५. बेरीज शंभर! हे सांगताना काकाजींचा चष्मा नाकावर घसरतो. "जो पहिले उठते, तो आखरीले झोपते. घरातल्या बाईचा कायदा हाय हा." सगळ्यांचीच बेरीज शंभर येत नाही. मेल पाठवणाऱ्या सेंडमेलची एकशेदहा होते, पण त्याचं नाव काकाजी काढत नाहीत. त्यालाही कारण आहे. एकदा नेट नसताना हेच सेंडमेल स्वतःचा पत्ता शोधत अडून बसलं आणि मागची सगळी रांग खोळंबली. काकाजी त्याला अडकणं म्हणत नाहीत. "वाट पाहून रायलं."

दिवाळीत पुण्याचा पुतण्या डेबियन लिनक्स घातलेलं मशीन घेऊन आला. त्यात या नंबरवाल्या स्क्रिप्टांच्या जागी सिस्टिमडी. पोटरिंग आणि सिव्हर्स यांनी २०१० साली आणलेलं.

"काकाजी, नंबर कशाला? कोणाला कोण आधी लागतं तेवढं लिहायचं. बाकीचे एकदमच उठतात."

बारा सेकंदांत मशीन हजर.

"हे तं बुफे झालं बे," काकाजी म्हणाले. "पंगतीत कोन उपाशी रायला थे दिसते तरी."

२०१४ साली डेबियननं हेच सिस्टिमडी आपलंसं करायचं ठरवलं, तेव्हा रागावून काही जणांनी डेवुआन नावाची वेगळी चूल मांडली, हे पुतण्यानं सांगितलं मात्र, काकाजींना दूरचे भाऊबंद सापडल्यासारखं झालं.

संध्याकाळी लाईट गेली. इन्व्हर्टर कुंथू लागला. पुतण्यानं घाईनं शटडाऊन दिलं, तर पडद्यावर कोणीतरी थांबायला तयार नाही आणि वाट पाहायची मर्यादा दीड मिनिट! काकाजींनी खुर्ची ओढली आणि नव्वदच्या नव्वद सेकंद मोठ्यानं मोजले. एवढा आनंद त्यांना लक्ष्मीपूजनालाही झाला नसेल.

मग राउटर, इन्व्हर्टर, शटर, सगळं उलट्या क्रमानं. घरी ओट्याशी काकू अजून जाग्याच होत्या.

"पाय, हे नेटवर्क. दहा-नव्वद!" काकाजींनी पुतण्याला दाखवलं.

"दहा-नव्वद राहू द्या," काकू म्हणाल्या, "सिलेंडरचा नंबर लावला का, थे सांगा."