नानांचा डावा हात

लिफ्टच्या दुरुस्तीसाठी प्रत्येक सदनिकाधारकाकडून पाच हजार रुपये घ्यावेत, असा ठराव आमच्या संस्थेच्या वार्षिक सभेत मतास आला, तेव्हा अध्यक्षांनी सभासदांस हात वर करण्याचे फर्मावले; अनुकूल मते बारा भरली, प्रतिकूल आठ भरली, आणि हजेरीपटावर तर सह्या एकोणीसच होत्या. तपासाअंती असे निष्पन्न झाले की, तिसऱ्या रांगेतील नानांचा डावा हात दोन्ही वेळा हवेत होता, आणि तो मतदानासाठी नव्हे, तर मनगटावरच्या घड्याळाला चावी मिळावी म्हणून हालत होता. चिटणिसांनी इतिवृत्तात 'एक मत हलते' अशी नोंद केली, आणि पुढच्या सभेत ती एकमताने कायम झाली. त्या वेळीही हात हालतच होता.

या हाताने मला आजवर जो मनस्ताप दिला आहे त्याची बयाजवार यादी करायची, तर रविवार कारंजापासून आरंभ करावा लागेल. तेथे नानांबरोबर दोन मिनिटे बोलत उभे राहणे म्हणजे तीन रिक्षावाल्यांचा रोष पत्करणे. कारण नानांचा हात पाहून ते येऊन थांबतात, आणि नाना त्यांना भाड्याऐवजी घड्याळ दाखवतात. २०१९च्या ऑगस्टात गोदावरीला पूर आला, आणि पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढले हे पाहण्यास सारे नाशिक लोटले, तेव्हा होळकर पुलाजवळ काठाशी उभे राहून नाना असा काही हात हलवीत होते की, एक पोलीस शिटी फुंकीत धावत आला आणि त्याने त्यांना दंडाला धरून मागे ओढले. अमरधामात त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याला अग्नी दिला जात असताना मृताचे मेहुणे तीन वेळा जवळ येऊन "मला बोलावलंत का?" म्हणून विचारून गेले. चौथ्या वेळी ते आले नाहीत. लांबूनच त्यांनीही हात हलवला.

ज्यांच्या ओळखीत असा नाना नाही त्यांना मी भाग्यवान समजेन. परंतु असा मनुष्य अद्याप माझ्या पाहण्यात नाही. कोणाचे नाना जुने रेडिओ जमवतात, कोणाचे फौंटनपेने, कोणाचे अडकित्ते. आमच्या नानांनी जपानी मनगटी घड्याळे जमवली, आणि त्यांतही ज्यांना हाताने चावी देता येत नाही अशी हेरून जमवली, हा केवळ आमचा प्राक्तनयोग.

त्याचे कारण नाना कोणालाही, न विचारता, उभ्याउभ्या सांगतात. आपण ज्याला 'सीको' म्हणतो त्याला नाना 'सेइको' म्हणतात, आणि तो मधला 'इ' असा जपून उच्चारतात की, जणू तोही एकवीस ज्वेलांपैकी एक आहे. या कंपनीने १९६३ साली 'फाइव्ह' नावाचे घड्याळ काढले. आपोआप चावी बसणे, वार-तारीख एकाच खिडकीत दिसणे, पाण्यास दाद न देणे, चावीची कळ तीनावर नसून चारावर, बरगडीत लपलेली असणे, आणि कवच व पट्टा दणकट असणे, हे ते पाच गुण. कळ लपवली, कारण ती पिळण्याची गरजच ठेवली नाही: आत अर्धवर्तुळाकार वजन फिरते, ते डावीकडे फिरो की उजवीकडे, एक चिमट्यासारखी तरफ दोन्ही गतींचा उपयोग करून स्प्रिंग गुंडाळते. मनगट हालते आहे तोवर घड्याळ चालते. काढून ठेवले की चाळीसेक तासांनी गतप्राण होते. ज्याच्यापाशी एक घड्याळ आहे त्याला यात काहीच अडचण नाही. नानांपाशी सदतीस आहेत आणि हात दोन. सदतिसांपैकी एकही मरू द्यायचे नाही असा त्यांचा संकल्प असल्यामुळे दर दोन तासांनी पहारा बदलतो, आणि प्रत्येकाच्या वाट्याला आलेला अवधी अपुरा पडू नये म्हणून हात हालत राहतो.

"बॅटरीवाली घ्या ना," मी एकदा बोलून गेलो. नानांचा चेहरा असा झाला की, जणू मी त्यांच्यासमोर कुळाचार बुडवण्याची गोष्ट काढली होती. २५ डिसेंबर १९६९ रोजी याच सेइकोने टोकियोत पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले, किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या काळी तेवढ्यात तिकडे टोयोटाची एक मोटार येत असे. आणि ज्या घराने चावीच्या घड्याळाला एवढे वाढवले त्याच घराने त्याच्या गळ्याला नख लावले, हे दुःख नाना घरातल्या भाऊबंदकीसारखे सांगतात. "त्याला माणूस लागत नाही हो, मास्तर! कपाटात ठेवलं तरी चालतं. असल्याला घड्याळ म्हणायचं?" मुलाने पाठवलेले उन्हावर चालणारे कॅसिओ त्यांनी घेतले, नोंद मात्र 'अतिक्रमण' या सदराखाली केली.

नोंदीचे सांगायचे राहिले. नाना महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, आणि येताना शासनाचे काही आणले नसले, तरी सातबाऱ्याचा नमुना डोक्यात घेऊन आले. प्रत्येक घड्याळाचे त्यांच्या जाड वहीत स्वतंत्र पान आहे. वर मशीनचा क्रमांक, खाली भोगवटादार, मग फेरफार: काच बदलली, तबकडी मूळ, पट्टा परका, आणि शेवटी 'इतर हक्क' या रकान्यात 'सौ. यांची हरकत, निकाली' असा शेरा. हा शेरा सदतीसही पानांवर आहे. जन्मतारीख ते घड्याळाच्या पाठीवरून काढतात. तेथे कोरलेल्या क्रमांकाचा पहिला आकडा सालातला अखेरचा आणि दुसरा महिन्याचा. दशक तेवढे मशीनवरून ताडावयाचे. आपल्या हातात घड्याळ असले, तर नाना नमस्कार करता करता मनगट उलटे करतात.

या विद्येपायी एका विवाहप्रसंगी अनर्थ ओढवला. नवरदेवाला सासऱ्यांनी जुने, दुर्मीळ म्हणून एक नारिंगी तबकडीचे 'फाइव्ह' दिले होते, आणि अक्षता टाकण्यास म्हणून पुढे गेलेल्या नानांनी त्याचा हात धरून, भिंग लावून, भर मांडवात निकाल दिला की, मशीन सातशून्यशून्यनऊ, अस्सल आहे. तबकडी मात्र 'मुंबई स्पेशल'. या शब्दांचा अर्थ जगभरचे षौकीन जाणतात, आणि त्यात मुंबईचा गौरव अभिप्रेत नाही. मोडक्या सीको, सिटिझन, रिकोंचे अवयव एकत्र आणून, झिजलेल्या तबकडीवर कधीही न निघालेला रंग चढवून, वर वेडीवाकडी अक्षरे छापून घड्याळे नवीन करण्याचा मोठा उद्योग मुंबईत चालतो, आणि तो माल दूरदूरच्या देशांत जातो. वधूपिता पांढरा पडला. नानांनी त्याला धीर देण्यासाठी म्हटले, "घाबरू नका, आतलं चांगलं आहे," आणि हे वाक्य वधूच्या मावशीने वराविषयी समजून मान डोलावली. मजा अशी की, नानांच्या संग्रहात अशा मुंबई स्पेशलांची संख्या अकरा आहे. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात, लोखंडी कुलुपे आणि पितळी समया यांच्या मध्ये फडक्यावर पडलेली ती घड्याळे ते उचलून आणतात, कारण, त्यांच्या मते, तोंड रंगवल्याचा दोष घड्याळाकडे जात नाही.

रविवारी सकाळी दुरुस्तीचे काम चाले. मला पोह्यांचे आमंत्रण असे, आणि बॅटरी धरण्याची जबाबदारी. टेबलावर पांढरे फडके, लोणच्याच्या बरणीची तीन झाकणे, एकात पेट्रोल, डोळ्याला भिंग, हाती चिमटा; आणि जो हात आठवडाभर क्षणाची उसंत घेत नसे, तो त्या दोन तासांत असा निश्चल होई की, मला पहिल्या खेपेस चमत्कारिक वाटले. चाके सुटी होत, पेट्रोलात बुडत, ब्रशाने पुसली जात. माणकाच्या छिद्रात सुईच्या अग्राने तेलाचा एक बिंदू उतरे, तो जास्त झाला तर नाना स्वतःलाच शिवी देत. एकदा बॅलन्सच्या खड्यावरची स्प्रिंग उडाली. ती मोहरीहून लहान असते. आम्ही तिघे, म्हणजे नाना, वहिनी आणि मी, जमिनीवर रांगलो, केरसुणी तपासली, लोहचुंबक फिरवला. अखेर ती माझ्या पोह्यांत सापडली, आणि सापडली म्हणजे मी चावता चावता थांबलो. नानांनी ती माझ्या बशीतून चिमट्याने उचलली, पेट्रोलात धुतली, बसवली, आणि बॅलन्सचे चाक आपसूक डोलू लागले. तासाला २१,६०० ठोके. "ऐका," ते म्हणाले. मी ऐकले. पोह्यांना त्या दिवशी पेट्रोलाचा वास होता, ही तक्रार मात्र मी आजही मागे घेतलेली नाही.

या सर्व परिवारात चावीचे घड्याळ एकच. ते नानांच्या वडिलांचे, एचएमटीचे 'जनता'. बंगळुरास १९६१ साली सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सरकारने हा कारखाना उभारला आणि पंडित नेहरूंच्या हातून त्याची घड्याळे लोकांपुढे आली. जपानचा 'नागरिक' इकडे येऊन 'जनता' झाला, असे नाना म्हणत, आणि आपल्या या कोटीवर स्वतःच हसत. २०१६ साली सरकारने तो व्यवसाय गुंडाळण्याचे ठरवले, तेव्हा नानांनी त्या पानावर लाल शाईने 'वारस नाही' असे लिहिले. ते घड्याळ ते रोज रात्री आठ वाजता स्वतः पिळत असत.

मागच्या पौषात, नाशिकची थंडी ऐन भरात असताना, मी सकाळीच त्यांच्या गच्चीवर गेलो. नाना शाल पांघरून खुर्चीत बसले होते आणि डावा हात खुर्चीच्या दांड्यावर हालत होता. "आज कोणाची पाळी?" मी नेहमीप्रमाणे विचारले. वहिनी चहा घेऊन आल्या, ट्रे ठेवताना थबकल्या, आणि म्हणाल्या, "मास्तर, मनगट उघडं आहे."

मनगटावर घड्याळ नव्हते. नानांनीही हाताकडे पाहिले, जसे काही तो शेजारच्या खुर्चीतल्या कोणाचा होता.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला, आणि कधीपासून हात हालतो असे विचारले. याचे उत्तर आम्हां कोणापाशीच नव्हते. वहिनी म्हणाल्या, पावसाळ्यापासून असेल. मुलगा फोनवरून म्हणाला, तो तर माझ्या लहानपणापासून हालतो आहे. मला ती सभा आठवली, ते 'हलते मत' आठवले, आणि आपण सर्वांत मोठ्याने हसलो होतो हेही आठवले. हात कोणत्या दिवसापर्यंत घड्याळाचा होता आणि कोणत्या दिवसापासून रोगाचा झाला, हे ठरवण्याइतके निरखून आम्ही त्याच्याकडे पाहिलेच नव्हते. गंमत म्हणून पाहण्याची सवय झाली होती. तेव्हा नानांनी पिशवीतून ती जाड वही काढून डॉक्टरांपुढे ठेवली. पाने उलटत गेली तसतसे अक्षर बारीक होत गेलेले स्पष्ट दिसत होते. पहिली पाने टपोरी, कचेरीतली, मग किंचित आकसलेली, आणि अखेरचे फेरफार मुंगीच्या पायांएवढे. डॉक्टर म्हणाले, या आजारात अक्षर असे लहान होत जाते. साधारण दीड-दोन वर्षे झाली असावीत. नानांना निदानाचे वाईट वाटल्याचे मला दिसले नाही. दप्तर उपयोगी पडले याचे समाधान मात्र दिसले.

आता रविवारचे काम बंद आहे. चिमटा, भिंग आणि तिन्ही झाकणे फडक्यात बांधून कपाटावर ठेवली आहेत. नानांच्या हातात एकच 'फाइव्ह' असते, आणि ते म्हणतात की, गेल्या सहा महिन्यांत ते एकदाही थांबलेले नाही, मुद्दाम काही करावे लागत नाही. खरेखोटे तरफेलाच ठाऊक. उरलेली छत्तीस पेटीत निपचित आहेत, आणि वहिनी, ज्यांची हरकत निकाली काढण्यात आली होती, अधूनमधून पेटी उचलून जोराने हलवतात.

'जनता'ची कळ मात्र बारीक, ती नानांच्या बोटांत ठरत नाही. म्हणून रोज रात्री आठाला मी दोन जिने उतरतो. मी पिळतो, नाना मोजतात, आणि अठराव्या फेऱ्यानंतर माझ्यावर खेकसतात, कारण मी घाई करतो असे त्यांचे म्हणणे आहे. परवा त्यांनी वही पुढे सरकवली आणि त्या पानावर माझ्याच हाताने नोंद करवून घेतली : 'चावी देणार : मास्तर, तात्पुरते.'

'तात्पुरते' या शब्दाला मी आक्षेप घेतला.

"लिहा," नाना म्हणाले, "तसा शिरस्ता आहे."