शंभर टक्के पूर्ण

मार्च उजाडला की मेल येतो: आपले 7 अनिवार्य कोर्स प्रलंबित आहेत. घाबरू नये. हिंजवडीत अकरा वर्षं काढून मी एवढी सर्टिफिकेटं गोळा केली आहेत की अनुभवाचे चार शब्द सांगायचा अधिकार मला आहे.

पहिली गोष्ट, मेलमधल्या लिंकवर लगेच क्लिक करू नका. फिशिंगच्या कोर्सात आम्हाला शिकवलं होतं की अनोळखी पत्ता, घाईची भाषा आणि 'आजच क्लिक करा, अन्यथा कारवाई' असली धमकी दिसली की कळवायचं. यंदा त्याच कोर्सचं आमंत्रण आलं, त्यात ही तिन्ही लक्षणं होती. मी इमानेइतबारे तक्रार केली. आयटीचं उत्तर आलं, 'मेल खरा आहे. कृपया क्लिक करावे.'

कोर्स उघडताच आवाज बंद करावा. 'पुढे'चं बटण आधी राखाडी असतं, निवेदिकेचं बोलणं संपलं की निळं होतं. दुसऱ्या स्क्रीनवर एक्सेल भरता भरता तो निळा क्षण डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपायचा. ही विद्या मात्र कुठल्याच कोर्सात शिकवत नाहीत, सरावानेच येते. परीक्षेत सगळ्यात लांबलचक पर्याय निवडावा. 'वरील सर्व' दिसलं तर प्रश्न वाचण्यातही वेळ घालवू नये.

मन खात असेल तर एक सांगतो. कोर्स आणि पोर्टल यांचं आपसातलं बोलणं बऱ्याचदा स्कॉर्म नावाच्या मानकातून चालतं. ते अमेरिकी संरक्षण खात्याच्या एका उपक्रमातून निघालं आणि त्याची 2001 सालची 1.2 ही आवृत्ती अजूनही कित्येक ठिकाणी राबते आहे. तुमची अवस्था कळवायला त्यात सहाच शब्द आहेत: पास, पूर्ण, नापास, अपूर्ण, नुसतं चाळलं, हातच लावला नाही. 'समजलं' असा शब्दच नाही. मग पोर्टलला नाही ती पंचाईत तुम्हाला का?

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षण जोखायच्या चार पायऱ्या सांगितल्या: आवडलं का, शिकलात का, वागणं बदललं का, कामाला फायदा झाला का. आमच्याकडे पहिल्याच पायरीवर सतरंजी अंथरलेली आहे. पाच तारे दिल्याशिवाय सर्टिफिकेट डाउनलोड होत नाही, म्हणून सगळ्यांना सगळं आवडतं. राहता राहिला विसरण्याचा प्रश्न. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरं पाठ करून आपण ती किती वेगाने विसरतो ते मोजलं आणि 1885 मध्ये छापलं. त्याला आधी पाठ तरी करावी लागली होती. आपल्याला तोही त्रास नाही.

सर्टिफिकेट मिळालं की लिंक्डइनवर टाकावं, 'कृतज्ञ' हा शब्द विसरू नये.

गेल्या महिन्यात आमच्याकडे आगीची मॉक ड्रिल झाली. अग्निसुरक्षेचा कोर्स मजल्यावर शंभर टक्के पूर्ण होता. भोंगा वाजला आणि आम्ही सगळे शिस्तीत लिफ्टपुढे रांग लावून उभे राहिलो. पोर्टलवर ज्याचं लॉगिनच नाही असा सिक्युरिटीवाला धावत आला आणि ओरडला, "अहो साहेब, जिना हिकडं हाय!"

दुसऱ्या दिवशी मेल आला: तोच कोर्स पुन्हा, मुदत शुक्रवारपर्यंत. हे लिहितोय तेव्हा तो बाजूच्या स्क्रीनवर चालू आहे. थांबा हं, बटण निळं झालं.