डॅन्यूबवरील पाहणी दौरा

सरकारी नोकरीत हयात गेलेल्या माणसाने दौरे अगणित केलेले असतात, प्रवास मात्र एकही केलेला नसतो. आणि निवृत्तीनंतर परदेशस्थ मुलाच्या आग्रहाखातर, ज्याच्या अखेरीस प्रवासभत्त्याचे बिल सादर करावयाचे नाही अशा निखळ प्रवासाचा प्रसंग जेव्हा त्याच्यावर गुदरतो, तेव्हा तो काही दिवस अस्वस्थ राहतो आणि शेवटी त्या प्रवासाचाही पाहणी दौरा करून मोकळा होतो. या वर्गात महसूल, वन, शिक्षण अशा सर्वच खात्यांची मंडळी मोडतात. परंतु युरोपातल्या एखाद्या नदीवरून आठवडाभर जहाजाने फिरण्याची जी टूम अलीकडे आपल्या मध्यमवर्गात शिरली आहे तिच्यापुरता विचार केला, तर पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या साहेबांनाच अग्रमान द्यावा लागेल. इतर प्रवासी नदीवरून किल्ले पाहतात, मठ पाहतात, द्राक्षांचे मळे पाहतात. साहेब नदी पाहतात.

पासाऊपासून बुडापेस्टपर्यंतच्या जहाजावर अशा एका साहेबांचा आणि त्यांच्या सौभाग्यवतींचा सहवास आम्हाला लाभला. साहेबांची पूर्वतयारी आमच्यासारखी लोकरीचे मोजे आणि चिवड्याची पाकिटे एवढ्यावर थांबलेली नव्हती. पर्यटन कंपनीच्या माहितीपत्रकातली रंगीत छायाचित्रे ओलांडून ते थेट शेवटच्या पानावरच्या, मुंगीच्या पावलांनी छापलेल्या अटी व शर्तींकडे गेले होते, आणि नदीची पातळी अपुरी अथवा अतिरिक्त असल्यास प्रवाशांना बसने पुढे नेण्याचा किंवा वाटेत दुसऱ्या जहाजावर चढविण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते, हे कलम त्यांनी तांबड्या शाईने अधोरेखित केले होते. पाणी कमी झाले तर जहाजाचा तळ घासतो आणि वाढले तर पुलाखालून जहाज जात नाही, मग कप्तानाची खोली कितीही खाली सरकवता येत असो. तेव्हा नदीपर्यटन हा विषय मुळात जलमापनाचा आहे, हा त्यांचा निष्कर्ष. ऱ्हाइनवर काउब येथील मोजपट्टीने ऑगस्ट २०२२ मध्ये जेमतेम ३२ सेंटिमीटर दाखवले होते, एवढ्या एका आकड्यावर त्यांनी ऱ्हाइनचा प्रस्ताव नामंजूर करून डॅन्यूबला मान्यता दिली. निघण्यापूर्वी महिनाभर ते वाखाऊ खोऱ्यातल्या कीनश्टॉक या मापनकेंद्राची पातळी रोज सकाळी मोबाईलवर पाहत, आणि सोसायटीतली मंडळी, जी जुलैत एकमेकांना खडकवासल्याचा साठा विचारतात, ती मे महिन्यात फाटकापाशी थांबून साहेबांना ‘आज कीनश्टॉक किती?’ असे विचारू लागली होती.

खोलीची निवडही त्यांनी स्वतःच केली होती. या जहाजांवर वरच्या मजल्यांवरील खोल्यांना फ्रेंच बाल्कनी म्हणून जो प्रकार असतो तो म्हणजे एक सरकता काचदरवाजा आणि त्याला चिकटलेला कठडा. पाऊल टाकायला जागा नसते. माहितीपत्रकातील हा उल्लेख साहेबांनी ‘चटईक्षेत्र शून्य’ असा शेरा मारून निकालात काढला आणि सर्वांत खालच्या मजल्यावरील खोली घेतली, जिची न उघडणारी खिडकी पाण्याच्या रेषेच्या हातभर वर असते. पाण्याच्या एवढे निकट राहण्याचे भाग्य त्यांना सेवेतही लाभले नव्हते. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, लोकांना खिडकीतून ऑस्ट्रिया दिसला आणि मला बदकांचे पाय.

पासाऊला डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या एकत्र येतात, आणि तेथील महामंदिरातला १७,९७४ नळ्यांचा ऑर्गन ऐकण्यासाठी जगभरचे रसिक येतात. आम्ही कानात मार्गदर्शिकेने दिलेली यंत्रे अडकवून तिच्या हातातल्या क्रमांकाच्या फलकामागे निमूटपणे चाललो होतो. साहेब मात्र नगरसभेच्या मनोऱ्यापाशीच खिळले, कारण त्या भिंतीवर शतकानुशतकांच्या महापुरांच्या रेषा सनावळीसह कोरलेल्या आहेत. २०१३ च्या जूनमध्ये पाणी १२.८९ मीटरवर पोहोचले होते, १५०१ नंतर एवढा पूर आला नव्हता. ती रेषा पाहण्यासाठी त्यांना टोपी सांभाळत मान मागे टाकावी लागली. नोंद ठेवावी तर अशी, असे ते म्हणत असतानाच सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, “आमच्या शनिवारातल्या वाड्यात माळ्यापर्यंत आलं होतं.” १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा त्या पहिलीत की दुसरीत होत्या. साहेब तेव्हा खात्यात नव्हते, शाळकरी पोरच होते. तरीही त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विषय बदलला. या प्रकरणी खाते नेहमीच सबुरीने घेत आले आहे.

पहिला तात्त्विक पेच उद्भवला तो काठावरील किलोमीटरच्या पाट्यांवरून. कालव्याची साखळी मुखापासून, म्हणजे धरणाच्या अंगाने सुरू होते, हा साहेबांच्या रक्तात भिनलेला नियम. आणि डॅन्यूबवर शून्य किलोमीटर आहे काळ्या समुद्राकाठच्या सुलीना येथे, तेथून आकडे प्रवाहाच्या विरुद्ध चढत चढत व्हिएन्नाला १,९२९ पर्यंत येतात. जहाज पुढे चालले आहे आणि साखळी क्रमांक कमी कमी होत आहेत, हे दृश्य त्यांना दोन दिवस पचेना. नदीच्या उगमाविषयी डोनाउएशिंगेन आणि फुर्टवांगेन या दोन गावांत जुना वाद आहे, हे तिसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी कोणीतरी सांगितले, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा खुलला. “मग बरोबर आहे,” ते म्हणाले, “वादग्रस्त हद्दीपासून मोजणी धरीत नसतात.”

परंतु त्यांचे खरे तीर्थक्षेत्र म्हणजे लॉक. पासाऊ ते बुडापेस्ट या मार्गावर अशी अकरा आहेत, आणि जहाजाच्या वेळापत्रकात त्यांचा उल्लेखही नसतो, कारण बहुतेक रात्री प्रवासी झोपेत असताना उरकली जातात. साहेबांनी स्वागतसमारंभातच, हातातल्या फळांच्या रसाला स्पर्शही न करता, कप्तानाकडून अकराही ठिकाणांच्या अंदाजी वेळा मिळवल्या. त्याच ओघात जहाजावर मंजूर पदे किती आणि पैकी रिक्त किती, हेही विचारून घेतले, ज्याचे उत्तर त्या सालस गृहस्थाला देता आले नाही. त्यानंतर इब्स-पेर्सेनबॉइगच्या रात्री, घड्याळात दोन वाजले असताना, वरच्या मोकळ्या डेकवर माकडटोपी आणि मफलर या गणवेशात साहेब उभे होते आणि झोप न आल्यामुळे मीही त्यांच्या तावडीत सापडलो होतो.

जे दिसले ते खरोखर पाहण्यासारखे होते. २३० मीटर लांब आणि २४ मीटर रुंद अशा काँक्रीटच्या त्या हौदात जहाज एका भिंतीला लगटून थांबले; मागचा दरवाजा बंद झाला; एका खलाशाने दोर टाकून भिंतीच्या खाचेतल्या, पाण्याबरोबर वरखाली सरकणाऱ्या खुंटाला फास दिला; आणि कसलाही आवाज न होता भिंत वर चढू लागली. अर्थात भिंत जागेवरच होती, आपण उतरत होतो. शेवाळाने हिरवी, ओली, दिव्याच्या उजेडात चमकणारी ती भिंत हाताच्या अंतरावरून वर सरकत गेली, तिच्या सांध्यांतून पाणी ठिबकत राहिले, आणि पाव तासात आम्ही दहाएक मीटर खोल विहिरीच्या तळाशी असल्यासारखे आकाशाची एक पट्टी पाहत होतो. “पंप नाही,” साहेब माझा दंड धरून कुजबुजले. “एकही पंप नाही. नुसतं गुरुत्वाकर्षण.” नंतर पुढचा दरवाजा उघडला. त्याच्या सांध्याकडे ते एकटक पाहत राहिले आणि म्हणाले, “गळती बघा. नगण्य.” कुठल्याशा धरणाचा एक दरवाजा त्यांच्या सेवेतली चार वर्षे अर्धवट उघडा राहून अडकला होता आणि त्यावरची टिपणी मंत्रालयात तीनदा गहाळ झाली होती, हा इतिहास त्यांनी त्यानंतर सांगितला, तो येथे देत नाही, कारण तो पहाटेपर्यंत चालला.

वाखाऊ खोरे म्हणजे या प्रवासाचा अलंकार. मेल्कचा पिवळा बारोक मठ, ड्युर्नश्टाइनचा निळा घंटामनोरा आणि त्यावरच्या डोंगरातला तो पडका किल्ला, जेथे इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२-९३ च्या हिवाळ्यात कैदेत होता, हे सारे डेकवरून ओळीने सरकत जाते आणि कॅमेऱ्यांचा कडकडाट थांबत नाही. सौभाग्यवतींनी येथे काठावरच्या एका खाणावळीत, अख्खा जर्दाळू पोटात घालून उकडलेले गोळे चाखले, दुसऱ्यांदा मागवले आणि मोदकाला पारी इतकी जाड चालत नाही, एवढा एकच आक्षेप नोंदवला. साहेब मात्र उदास होत चालले होते. त्याचे कारण व्हिएन्नाला पोहोचल्यावर जेवणाच्या टेबलावर, कागदी रुमालाच्या पाठीवर उघड झाले.

व्हिएन्नापाशी या नदीतून सेकंदाला सरासरी सुमारे १,९०० घनमीटर पाणी वाहते. साहेबांनी दिवसाचे सेकंद गुणले, घनफुटांत रूपांतर केले, आणि रुमालावर आकडा आला रोज सुमारे पावणेसहा टीएमसी. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चारही धरणांची मिळून क्षमता सुमारे २९. “पाच दिवस,” ते म्हणाले. “पाच दिवसांत पुण्याचं वर्षाचं पाणी. आणि ही बाई बारा महिने वाहते.” चार महिने भरणाऱ्या आणि आठ महिने वाळूची ठेकेदारी चालणाऱ्या नद्यांवर ज्याची सारी उमेद गेली, पाणीपाळी चुकली म्हणून ज्याला शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्यांनी दोनदा घेराव घातला, त्या माणसाने एवढे पाणी कोणीही अर्ज न करता समुद्राकडे चाललेले पाहिले की त्याच्या घशाखाली घास उतरत नाही, हे समजण्यासारखे होते. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी डॅन्यूब निळी का दिसत नाही, असा प्रश्न याच वेळी काढला. स्ट्राउसने १८६७ पासून लोकांची जी समजूत करून दिली आहे तिच्यामुळे हा प्रश्न या जहाजांवर रोज निघतो. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

व्हिएन्नात शाही राजवाडा आणि ऑपेरा हे कार्यक्रम त्यांनी सौभाग्यवतींकडे सोपवले आणि स्वतः डोनाउइन्झेलवर गेले. पुराचे पाणी वळवण्यासाठी १९७२ ते १९८८ या काळात व्हिएन्नाकरांनी नदीला समांतर दुसरा प्रवाह खणला आणि निघालेल्या मातीचे मधोमध २१ किलोमीटर लांबीचे बेट केले. उकरलेली माती लांब टाकायची नाही, तिथेच कामी लावायची. ‘लीड’ही वाचली आणि ‘लिफ्ट’ही वाचली, या विचाराने ते संध्याकाळी परतले तेव्हा मेल्कपासूनची उदासी पुष्कळ ओसरली होती.

ती तशीच ओसरलेली राहिली असती. पण पहाटे त्यांनी पडदा सारला, तो समोर हातभर अंतरावर दुसऱ्या जहाजाच्या खिडकीत एक वृद्ध जर्मन गृहस्थ दात घासत उभे. धक्क्यावर जागा अपुरी असल्याने जहाजे एकमेकांना खेटून बांधतात, आणि बाहेरच्या जहाजावरचे प्रवासी आतल्या जहाजाच्या दिवाणखान्यातून ये-जा करतात, ही येथली सर्वमान्य रीत. साहेबांनी त्या गृहस्थांना नमस्कार केला, पडदा ओढला, आणि स्वागतकक्षात जाऊन ही वहिवाट कायमची आहे की तात्पुरती, आणि कायमची असल्यास तिची नोंद कोठे आहे, याची विचारणा केली.

ब्रातिस्लाव्हाच्या पुढे गाब्चिकोवोचे प्रचंड लॉक येते. इतरांना ते एक कंटाळवाणे काँक्रीट वाटले. साहेबांनी मात्र डेकवर आठदहा श्रोते जमवून त्याची संपूर्ण कैफियत मांडली. चेकोस्लोव्हाकिया आणि हंगेरी यांचा १९७७ चा करार; हंगेरीने १९८९ मध्ये नागिमारोशचे आपले काम सोडून देणे; स्लोव्हाक बाजूने १९९२ च्या ऑक्टोबरात नदीच आपल्या हद्दीतल्या कालव्यात वळवणे; आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९७ मध्ये, एकाने काम सोडले हे चूक आणि दुसऱ्याने पाणी वळवले हेही चूक, असा निवाडा देऊन दोघांनाही पुन्हा बोलणी करा म्हणून घरी पाठवणे. कृष्णा पाणीतंटा लवादापुढे दिल्लीला दप्तराच्या ट्रंका घेऊन जाण्याचे काम साहेबांनी तरुणपणी केलेले होते. ते बोलत असताना त्यांच्या चेहऱ्यावर, परदेशात अचानक भाऊबंद भेटल्यावर जी कळा येते ती आली होती. युरोपविषयी त्यांच्या मनात जो काही न्यूनगंड शिल्लक होता, तो येथे पुसला गेला.

बुडापेस्टची दिव्यांनी पेटलेली संसद रात्री साऱ्यांनी पाहिली. साहेबांनीही पाहिली, परंतु त्यांचे लक्ष अभिप्रायाच्या फॉर्मकडे होते. उत्तम, बरा, असमाधानकारक अशा चौकटींत खुणा करण्यापुरता तो कागद. साहेबांनी त्याला चार पानांची पुरवणी जोडली, कार्बन कागद घरूनच आणला होता त्यावर दुसरी प्रत काढली, आणि सकाळी सामान उतरत असताना स्वागतकक्षातल्या मुलीकडे पोच मागितली. तिला पोच म्हणजे काय ते कळेना. शेवटी जहाजाचा एक गोल शिक्का कुठून तरी निघाला. तो तिने नकलेवर उमटवला, साहेबांनी तिच्याकडून खाली तारीख लिहून घेतली, आणि उत्तराची अपेक्षा तीस दिवसांत असल्याचे तिला तोंडी कळवले.

सौभाग्यवतींनी आपला फॉर्म स्वतंत्र भरला होता. त्यात सर्व चौकटींपुढे ‘उत्तम’ अशी खूण होती, आणि पुन्हा आमच्याबरोबर प्रवास कराल काय, या प्रश्नापुढे त्यांनी नीटस अक्षरात लिहिले होते: ‘होय. वरच्या मजल्यावरची खोली. मैत्रिणींबरोबर.’ तो कागद देण्यापूर्वी त्यांनी तो साहेबांच्या हाती दिला. साहेबांनी तो आरंभापासून अखेरपर्यंत वाचला, खिशातून पेन काढले, आणि कोपऱ्यात ‘पाहिले’ असे लिहून त्याखाली आद्याक्षरी केली.