आमचा शेफर्ड क्रॉस

आमचा बंडू शेफर्ड क्रॉस आहे, हे मी सोसायटीत इतक्या ठामपणे सांगत आलो होतो की शेवटी माझाही त्यावर विश्वास बसला. पुरावा म्हणाल तर डावा कान. तो उभा राहतो. उजवा राहत नाही, पण उजव्या कानाचा विषय मी निघू देत नसे. बंडू आम्हाला नाशिकमध्ये एका पेट्रोल पंपामागे सापडला. त्याच्या आईला पंपावरची पोरं ओळखत होती; बापाबद्दल कुणालाच काही ठाऊक नव्हतं. अशा रिकाम्या जागी शेफर्ड बसवायला भरपूर वाव असतो.

अडचण होती तिसऱ्या मजल्यावरच्या गोल्डन रिट्रीव्हरवाल्यांची. त्यांच्याकडे केनेल क्लबचे पेपर आहेत, वरच्या पिढ्यांची नावं छापलेले. (मला स्वतःच्या पणजोबांच्या पलीकडे एक नाव सांगता येत नाही.) एका सकाळी त्यांनी बंडूकडे पाहून ‘गावठीच वाटतो हो’ असं अगदी मायेनं म्हटलं, आणि त्याच रात्री मी कुत्र्यांच्या डीएनए टेस्टचं किट मागवलं. घरात कारण सांगितलं, ‘आरोग्यासाठी’. आरोग्य म्हटलं की किंमत विचारत नाहीत, अशी माझी समजूत होती. हिने विचारली. मी जीएसटी वगळून सांगितली.

किटमध्ये कापूस गुंडाळलेल्या दोन लांब काड्या होत्या. गालाच्या आतल्या बाजूनं काडी अर्धा मिनिट फिरवायची, वाळवायची, पाकिटात घालून पाठवायची. आधी खायला द्यायचं नाही, दुसऱ्या कुणाची लाळ लागू द्यायची नाही. बंडूच्या मते मात्र तोंडात आलेली वस्तू एकतर गिळायची असते नाहीतर फोडायची. पहिल्या काडीचा त्याने भुगा केला. दुसरी वाचवताना माझं बोट त्याच्या दाढेखाली आलं, ते मी ताबडतोब स्वतःच्या तोंडात घातलं, मग त्याच बोटानं काडी सरळ केली. रिपोर्टमध्ये थोडा मधुमेही माणूस निघतो की काय, या धास्तीत पुढचे आठवडे गेले.

माणूस निघाला नाही. निम्म्याहून बराच जास्त भाग गावठी, उरलेल्यात लॅब्राडॉर आणि चिमूटभर पॉमेरियन. शेफर्ड शून्य. म्हणजे ज्या कानाच्या जोरावर मी इतकी वर्षं छाती काढून हिंडलो, तो कान बहुधा पॉमेरियनचा होता.

मग मी वाचायला बसलो. हरलेला माणूस वाचतो. आपली रस्त्यावरची कुत्री म्हणजे जातिवंत कुत्र्यांची बिघडलेली आवृत्ती नव्हे, हे मला तेव्हा कळलं. आजच्या बहुतेक जाती माणसानं गेल्या दीड-दोनशे वर्षांत निवडून निवडून घडवल्या. गावठी कुत्री त्याच्या कितीतरी आधीपासून आपली लग्नं आपणच जमवत आली आहेत. दुसऱ्या दिवशी मी गोल्डनवाल्यांना हे सांगणार होतो. पण तेवढ्यात रिपोर्टचं पुढचं पान उघडलं.

ते आरोग्याचं पान होतं, ज्यासाठी मी टेस्ट केली असं घरात सांगितलं होतं. दीडशेच्या वर आजारांची यादी, प्रत्येकापुढे हिरवी खूण, आणि मध्येच एक लाल. ‘डीजनरेटिव्ह मायलोपॅथी : धोका. दोन प्रती.’

एसओडी१ नावाच्या जनुकातला हा बदल २००९ साली सापडला. एकच प्रत असेल तर कुत्रा नुसता वाहक. त्याला स्वतःला सहसा काही होत नाही, पिल्लांकडे मात्र ती जाऊ शकते. नंदुरबारकडे सिकलसेलसाठी लग्नाआधी हाच हिशोब मांडतात. दोन प्रती असतील तर उतारवयात मज्जारज्जू झिजू शकतो. मागचे पाय लटपटतात, पंजा उलटा पडतो आणि उलटा पडलाय हे कुत्र्याला कळत नाही. ज्या बापानं पोराला नाव दिलं नाही, कान दिला नाही, त्यानं ही एक प्रत तेवढी न विसरता दिली होती. दोन प्रती असूनही पुष्कळ कुत्र्यांना जन्मभर काही होत नाही, हेही तिथेच छापलं होतं. ते वाक्य मी वाचलं आणि पुढे गेलो.

गावठ्याला काही होत नाही, असं सगळे म्हणतात. २०१८ साली एक लाखाहून जास्त कुत्र्यांच्या तपासणीवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मिश्र जातीच्या कुत्र्यांत सुमारे ४० टक्के कसल्या ना कसल्या दोषाचे वाहक होते, पण प्रत्यक्ष धोका असलेले २ टक्केच. जातिवंतांत वाहक २८ टक्के आणि धोका असलेले ५. बंडूनं नेमका त्या दोन टक्क्यांत नंबर लावला. आमच्या घराण्यात आजवर कुणी कशाच्याही दोन टक्क्यांत आलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझी तपासणी सुरू झाली. बंडू उभा असला की मी त्याचा मागचा पंजा हळूच उलटा टेकवायचो आणि तो कधी सुलटा करतो ते पाहायचो. तो चटकन करायचा. मला हायसं वाटायचं, मी त्याला ग्लुकोजचं बिस्कीट द्यायचो. कधी जरा उशीर झाला तर पोटात कालवायचं आणि मी दोन द्यायचो. चहाच्या वेळी, टीव्हीसमोर, रात्री दिवा मालवायच्या आधी. हळूहळू उशीर वाढत गेला. एका रविवारी पंजा उलटा तो उलटाच राहिला. मी हिला हाक मारली, बंडूला उचलून रिक्षात घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे पोचलो.

बाईंनी टेबलावर त्याचा पंजा उलटा टेकवला. क्षणात सुलटा. दुसरा पंजा, तोही सुलटा. ‘आता तुम्ही करा,’ म्हणाल्या. मी केलं. पंजा उलटाच, आणि बंडूची नजर माझ्या सदऱ्याच्या खिशावर.

‘खिशात काय आहे?’

मी बिस्किटाचा पुडा काढला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्या पगची हकिगत सांगितली, २०१८ सालीच ‘नेचर’मध्ये आलेली. तिला चालता येईनासं झालं, मालकांनी घरबसल्या टेस्ट केली, अशाच आजाराशी जोडलेला बदल निघाला आणि पुढचे हाल नकोत म्हणून त्यांनी तिला कायमचं झोपवलं. तिचं दुखणं कदाचित मणक्याचं, बरं होण्यासारखंही असू शकलं असतं. ‘रिपोर्टमधल्या लाल खुणेवर मी औषध देत नाही, टेबलावरच्या कुत्र्याला देते,’ बाई म्हणाल्या. मग माझ्या जाडजूड प्रिंटमधली एकच ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली. एमडीआर१. या जनुकात खोट असली तर खरजेसाठी देतात ते आयव्हरमेक्टिन जास्त प्रमाणात मेंदूत शिरतं आणि जिवावर बेतू शकतं. कोली कुत्र्यांत ही खोट फार. बंडूची ओळ हिरवी होती. ‘ही फाईलला लावून ठेवते,’ म्हणत त्यांनी तेवढंच पान घेतलं आणि बाकीचा गठ्ठा परत दिला.

मग काटा. बावीस किलो असायला हवा होता तो बंडू सत्तावीस भरला.

इथे मात्र माझी तयारी होती. पीओएमसी, मी म्हणालो. लॅब्राडॉरच्या या जनुकातला चौदा अक्षरं गळालेला तुकडा केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिला. जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या लॅब्राडॉरांत तो असतो, अशी कुत्री अन्नाच्या मागे जास्त लागतात, आणि प्रत्येक प्रतीमागे वजन सरासरी १.९ किलोनं जास्त भरतं. बंडूकडे एक प्रत आहे, रिपोर्टात आहे, पान अकरा.

‘बरं,’ बाई म्हणाल्या. ‘१.९ किलो जनुकाचे. उरलेले तीन कुणाचे?’

परतताना रिक्षात मी हिला समजावत होतो की भूक ही काही कुणाच्या हातातली गोष्ट नसते, ती रक्तातूनच येते, जबरदस्ती करून काय उपयोग. बोलता बोलता हात सवयीनं पुड्यात गेला. शेवटची दोन बिस्किटं होती. एक बंडूला दिलं.

ही माझ्या पोटाकडे बघत होती. ‘अहो,’ म्हणाली, ‘त्या किटवाल्यांना जरा फोन लावा. जोडीनं घेतलं तर काही कमी करतात का विचारा.’