साधी गाडी

साताऱ्यात पहाटे पळणाऱ्यांची वाण नाही. २०१२ साली यवतेश्वरच्या घाटातून हिल मॅरेथॉन सुरू झाली आणि गावाला वारं लागलं. शाहू स्टेडियमवर, चार भिंतींच्या चढाला, कासच्या रस्त्याला पाच वाजल्यापासून पोपटी आणि केशरी टीशर्ट हलताना दिसतात. पूर्वी ज्या कट्ट्यावर ऊसदराची चर्चा चालायची तिथे आता पेस आणि लाँग रन चालतात. हा सगळा ताफा पुढे निघून गेला, मागून पेपरवाला गेला, दोन म्हशी गेल्या आणि काकड्याला निघालेले एक बुवा टाळ सांभाळत गेले, की मग जे येतात ते आमचे कंट्रोलर.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे. बाकी सगळीकडे ते कंट्रोलरच. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. हयात फलाटासमोरच्या खिडकीत गेली. गाडी कधी येणार या प्रश्नाला त्यांनी जन्मभर एकच उत्तर दिलं, ‘येईल.’ त्यांच्या पळण्यालाही याहून वेगळं वेळापत्रक नाही.

साठी ओलांडल्यावर रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. कंट्रोलर चार दिवस चालले आणि पाचव्या दिवशी पळायला लागले. उत्साह वगैरे काही नाही. चालणाऱ्याला माणसं गाठतात, हे त्यांचं कारण. निवृत्त सहकारी दोन्ही बाजूंनी येऊन ईपीएस-९५ ची पेन्शन किती तुटपुंजी आहे ते सांगत सोबत चालतात, आणि ती तर स्वतःलाच मिळत असल्यामुळे ऐकण्यासारखं नवं काही नसतं. पळणाऱ्याला कोणी थांबवत नाही. अर्थात कंट्रोलर ज्या वेगाने पळतात त्या वेगाला पेन्शनवाले चालतचालत सहज गाठू शकले असते. पण पळण्याचा नुसता आविर्भाव पुरतो, असा त्यांचा अनुभव आहे.

किलोमीटरला दहा मिनिटं हा त्यांचा वेग. उतार असेल, मागे कुत्रं असेल, तर साडेनऊ. बीडच्या अविनाश साबळेने २०२४ साली पॅरिसला तीन हजार मीटर स्टीपलचेस आठ मिनिटं नऊ सेकंद आणि वर काही शतांश एवढ्यात संपवली. तेवढ्या वेळात कंट्रोलरांचा पहिला किलोमीटरसुद्धा पुरा होत नाही. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते अजिबात खट्टू झाले नाहीत. ‘त्याला रस्ता मोकळा होता का?’ म्हणाले. मी म्हटलं, उलट, अडथळे होते, पाण्याचा खड्डा होता. ‘ते तर पोवई नाक्यावर पण आहेत की,’ ते म्हणाले, आणि विषय बरोबरीत सोडवल्यासारखे पुढे गेले.

किपचोगेचंही तसंच. व्हिएन्नात २०१९ साली या गृहस्थाने बेचाळीस किलोमीटर एक तास एकोणसाठ मिनिटं चाळीस सेकंदांत काढले. ग्रुपवर तो व्हिडिओ आणि त्याखाली मर्यादा फक्त मनात असतात वगैरे मजकूर रोज कोणी ना कोणी टाकतो. कंट्रोलरांनी तो चष्मा लावून दोनदा पाहिला. पुढे गाडी, रस्त्यावर प्रकाशाची आखणी, आळीपाळीने साथीला एकेचाळीस माणसं, झाडाझुडपांतला सपाट सरळ रस्ता. ‘शिवनेरी आहे,’ त्यांनी निकाल दिला. ‘चांगली गाडी आहे. विनाथांबा, विनावाहक. आपली साधी गाडी. हात केला की थांबणार.’

आणि ते खरोखरच थांबतात. विनंती थांब्यावर न थांबणं हा त्यांच्या लेखी कर्तव्यात कसूर आहे. गोडोलीच्या कोपऱ्यावर एक फुलवाली आजी आहे, तिची पाटी डोक्यावर द्यायला थांबतात. पुढे टपरीवाला आहे. कंट्रोलर वळणावर दिसले की तो दुसरं आधण चढवतो, कारण पहिलं आधण वेगवान मंडळी परतताना संपवतात आणि दुसऱ्याला गिऱ्हाईक यायला बरोबर तेवढाच अवकाश असतो. त्याच्यापुढे एका बंगल्याचा वॉचमन रात्रपाळी संपल्याची खूण म्हणून यांच्याकडेच बघतो. थोडक्यात, या माणसाच्या उशिरावर निम्म्या रस्त्याचं घड्याळ लागलेलं आहे.

सगळ्या फेऱ्यांची नोंद असते. त्यासाठी जुन्या आगारातल्यासारखी उभ्या रेघांची वही आहे: दिनांक, सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, किलोमीटर, उशिराचं कारण, शेरा. मुलाने पुण्याहून पाठवलेलं मनगटी घड्याळ हृदयाचे ठोके, झोप आणि पावलं मोजतं. पण त्यात उशिराच्या कारणाला रकाना नाही, म्हणून ते टीव्हीशेजारी चार्जिंगला असतं. वही मी चाळली आहे. ‘उशीर ६ मि. जुने ड्रायव्हर भेटले.’ ‘उशीर ११ मि. पाऊस. वायपर नाही.’ (म्हणजे चष्म्याला.) एका पानावर, ‘फेरी रद्द. कारण पाऊस,’ असं लिहून ‘पाऊस’ खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं, ‘कंटाळा. खरे लिहावे.’ खाली सही.

मला या वहीचं मोठं कौतुक आहे. पळण्याविषयी उमेद देणारी पुस्तकं मी बरीच वाचली आहेत. त्यात कंटाळ्याशी झुंजायला, त्याला हरवायला, आतला आवाज ऐकायला सांगतात. कंट्रोलर कंटाळ्याला रकान्यात बसवतात आणि दुसऱ्या दिवशीच्या ओळीला लागतात. आमच्या ग्रुपमधले तीन तरणेबांड गडी पहिल्याच वर्षी अर्ध्या मॅरेथॉनला दोन तासांच्या आत आले, पुढच्या वर्षी चार मिनिटं वाढली आणि पळणंच सुटलं. एकाने बूट विकायला काढले, एकाने सायकल घेतली, तिसरा आता ट्रेकिंगवर बोलतो. त्यांना वेळ हवी होती, ती मिळेनाशी झाली. कंट्रोलरांना वेळ कधी मिळालीच नव्हती, त्यामुळे जाण्यासारखं काही नव्हतं. गाडी सुटली पाहिजे, एवढीच त्यांची अट. ‘डेपोतून निघालेली गाडी कुठंतरी पोचतेच,’ ते म्हणतात, ‘न निघालेली काय पोचते?’

तरी एकदा त्यांना सुधारण्याचा प्रयत्न झालाच. ग्रुपमध्ये एक कोच आला. शिकलेला, नम्र मुलगा. त्याने कंट्रोलरांना काका म्हणून हात धरला, पावलं छोटी टाकायला लावली, आठवड्यातून एकदा चारशे मीटरचे तुकडे करून घेतले, केळं कधी खायचं ते सांगितलं. दीड महिन्यात परिणाम दिसला. कंट्रोलर आपल्या ठरल्या फेरीत तब्बल सात मिनिटं लवकर पोचले. आम्ही टाळ्या वाजवल्या. ते मात्र घाम पुसत ओशाळले होते. टपरीवर आधण चढलेलं नव्हतं. फुलवाल्या आजीने पाटी दुसऱ्याच कोणाकडून उचलून घेतली होती आणि त्यात झेंडू सांडला होता. वॉचमन गेटला टेकून झोपला होता, त्याला मालकाने तसाच पाहिला. संध्याकाळी कंट्रोलर कोचच्या घरी पेढे घेऊन गेले, आभार मानले आणि म्हणाले, ‘बाळ, गाडी उशिरा आली तर पब्लिक शिव्या देतं, पण थांबतं. वेळेआधी सुटली तर पब्लिक राहतं मागे. आमच्यात त्याला मेमो मिळायचा.’ दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दहा मिनिटांना एक किलोमीटर.

दुखण्यांच्या बाबतीत ते भाग्यवान नाहीत. पहिल्यांदा पोटरी धरली. मग गतिरोधकावर आपटले. दोन्हींमध्ये गती रोखण्यासारखं काय होतं, हा काकूंचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. मग टाच. सकाळी अंथरुणातून पाय खाली ठेवला की खिळा टोचल्यासारखी कळ. फिजिओथेरपिस्टने प्लांटर फॅशायटिस असं नाव सांगितलं. ताठर झालेल्या पोटऱ्या आणि झिजलेले बूट ही कारणं सांगितली, गोठवलेल्या पाण्याच्या बाटलीवर तळवा फिरवायला सांगितला. वहीत नोंद झाली: ‘ब्रेकडाऊन. मागील डावे. वर्कशॉपला जमा.’ बुटांचं म्हणाल, तर टाचा झिजेपर्यंत ते स्टँडाबाहेरच्या चांभाराकडून तळ चिकटवून घ्यायचे. रिमोल्ड टायरवर महामंडळाच्या गाड्या चालतात, मग मला काय झालं, हा युक्तिवाद टाचेला पटला नाही.

टाच बरी होते न होते तोच चिकुनगुनिया झाला. ताप आठवड्यात गेला, सांधे काही महिने राहिले. पेला उचलायला दोन्ही हात लागायचे. त्या दिवसांत मात्र त्यांची वही बंद होती. फेरी रद्द हेसुद्धा लिहिणं त्यांनी सोडलं होतं, आणि काकूंना दुखण्यापेक्षा त्याची काळजी होती. ‘अहो, निदान रद्द तरी लिहा,’ त्या म्हणायच्या.

मी भेटायला जायचो. धीर देणारी वाक्यं त्यांना चालत नाहीत हे ठाऊक असल्यामुळे एके दिवशी त्यांना शिझो कानाकुरीची गोष्ट सांगितली. जपानचा हा धावपटू १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन पळायला गेला. प्रवासाने आधीच खंगलेला, त्यात त्या दिवशी भयंकर ऊन. वाटेत भोवळ आली, एका कुटुंबाने त्याला बागेत बसवून प्यायला दिलं, आणि हा भला माणूस शरमेने कोणाला काही न सांगता मायदेशी निघून गेला. स्वीडनच्या दप्तरी तो बेपत्ता. पुढे १९६७ साली त्यांनी त्याला बोलावून घेतलं आणि राहिलेली शर्यत पुरी करायला लावली. अधिकृत वेळ जाहीर झाली: ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं, २०.३ सेकंद.

कंट्रोलर उठून बसले.

‘वरती कळवलं नव्हतं त्यानं?’

‘नाही.’

‘हे चूक. ब्रेकडाऊन झालं की पहिलं कळवायचं. बिनतिकीट माणूस पण एवढा गुपचूप उतरत नाही.’ थोडा वेळ गप्प. ‘मधल्या काळात काय करत होता?’

‘पुढच्या ऑलिम्पिकला पळाला, लग्न झालं, मुलंबाळं, नातवंडं.’

‘आणि चोपन्न वर्षांनी फेरी पूर्ण दाखवली?’

‘हो.’

‘रद्द नाही?’

‘नाही.’

‘स्वीडनचा कंट्रोलर मनानं मोठा असला पाहिजे,’ ते म्हणाले, आणि काकूंना हाक मारून वही मागवली. बंद पडल्या दिवसापासून एकेक तारीख घालून त्यांनी सगळ्या ओळी भरल्या. वीस पॉइंट तीन सेकंदांतले पॉइंट तीन कोणी मोजले असतील, एवढीच एक शंका त्यांना रात्रभर छळत होती, असं काकूंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते स्वतः भेटले नाहीत. चार भिंतींच्या रस्त्याला विजेच्या एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत जाऊन आले होते.

पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या तालुक्यात घाटातली दहा किलोमीटरची एक छोटी स्पर्धा होती. मी वरच्या वळणावर पाण्याच्या टेबलाला होतो. सगळे गेले, टेबल आवरायचा निरोप आला, आणि मागे राहिलेल्यांना गोळा करणारी बस आली, तिच्यात मीही चढलो. आत पायात गोळा आलेल्या एक बाई होत्या आणि मोबाइलमध्ये डोकं घातलेला विशीतला एक मुलगा. दोन वळणं गेल्यावर धुक्यात पुढे एक छत्री दिसली. छत्रीखाली कंट्रोलर, पळत.

बस शेजारी आली. संयोजकांचा पोरगा दारातून वाकून म्हणाला, ‘काका, बसा आता. फुकट आहे.’

‘फुकट पंच्याहत्तरनंतर,’ कंट्रोलर न थांबता म्हणाले. ‘मला अजून अर्धं तिकीट आहे.’

तेवढ्यात ड्रायव्हरने त्यांना ओळखलं. एसटीतून निवृत्त होऊन तो आता शाळेच्या बसवर होता. त्याने गाडीच उभी केली आणि खाली उतरून सलाम ठोकला. मग जे व्हायचं ते झालं. कंट्रोलरांनी छत्री मिटली, गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या टायरला बुटाने ठोकून पाहिलं. डावा ब्रेकलाइट लागत नव्हता. ‘घाटात, धुक्यात, ब्रेकलाइट नसताना गाडी बाहेर काढली कुणी?’ ड्रायव्हर मान खाली घालून उभा. संयोजकांचा पोरगा म्हणाला, काका, कटऑफ होऊन गेलाय. ‘ते तू तुझ्या साहेबांना सांग, मला लॉगशीट दाखव.’ लॉगशीट नव्हती. ते आत डोकावले. बाईंची चौकशी केली, पाय वर घेऊन बसा म्हणाले. मग मुलाकडे वळले.

‘तुला काय झालंय?’

‘काही नाही. बोअर झालं.’

‘ते वहीत लिहायचं असतं. त्याला गाडी मिळत नाही. उतर.’

का कोण जाणे, पण तो उतरला. कंट्रोलरांनी बसच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, आणि राहिलेला घाट ती बस डावा इंडिकेटर चालू ठेवून पहिल्या गिअरमध्ये त्या दोघांच्या मागे उतरत राहिली. खाली कमानीतली हवा काढून झाली होती. निवेदक उपमा खात होता. जमिनीवरची टायमिंगची पट्टी गुंडाळून टेम्पोत चढवत होते, ती कंट्रोलरांनी पुन्हा खाली घ्यायला लावली, मुलाला आधी जाऊ दिलं, मग स्वतः ओलांडली आणि थेट रजिस्टर घेऊन बसलेल्या कार्यकर्त्याच्या टेबलापाशी गेले.

‘लिही. आगमन नऊ सत्तावीस. कारण, घाट.’

तो लिहायला लागला.

‘आणि त्यातली सात मिनिटं वजा कर. गाडीच्या तपासणीत गेली.’